चटईवरचा दरबार

जुन्या पनवेलला तळी आहेत, देवळं आहेत, वाडे आहेत. नवीन पनवेलला सेक्टर आहेत आणि प्लॉट नंबर आहेत. सिडकोनं आखून दिलेल्या या वस्तीत कुणालाही ‘मूळ गाव कोणतं?’ असं विचारावं, उत्तरात पनवेल क्वचितच येतं. नगर येतं, जालना येतं, सोलापूर, कोट्टायम, मडगाव येतं. गाव सोडून आलेली ही माणसं. गावाबरोबर भाऊबंद सुटले, पार सुटला, चावडी सुटली, आणि ज्याच्याजवळ मन हलकं करावं तो एखादा चुलतभाऊही तिकडंच राहिला.

अशा एखाद्या इमारतीत सुटीच्या आदल्या संध्याकाळी दारापुढं पुरुषांच्या चपलांचा ढीग दिसला आणि आतून ढोलकी-टाळ ऐकू आले, तर आत चर्चचं पुरुष मंडळ भरलेलं असण्याची बरीच शक्यता. सामान भिंतीला सरकवलेलं, चटया अंथरलेल्या, हातात ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या वापरून मऊ झालेल्या प्रती. कुणी रेल्वेतून निवृत्त झालेला, कुणी न्हावाशेव्याच्या बंदरात कामाला, कुणी रिक्षा चालवणारा, कुणी बरेच महिने नोकरी शोधत असलेला. आधी दोन-तीन गाणी, मग प्रार्थना, मग शास्त्रातला उतारा, मग साक्ष, म्हणजे या आठवड्यात देवानं आपल्यासाठी काय केलं हे ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं सांगायचं. आणि शेवटी विनंत्या. मुलीची ॲडमिशन अडकली आहे. धाकटा भाऊ पुन्हा प्यायला लागला. घराचा हप्ता चुकला. बायकोचं डायलिसिस सुरू झालं.

मला चकित करतो तो हा शेवटचा भाग. या खोलीत कुणी सल्ला देत नाही. पुरुषांची एरवीची सवय पाहता ही गोष्टच नवलाची! एरवी आपल्याकडं चार पुरुष जमले आणि एकानं अडचण सांगितली, की उरलेले तिघे डॉक्टर, वकील आणि शेअर दलाल होतात. इथं मात्र जो तो ती अडचण नावानिशी प्रार्थनेत घेतो. पुढच्या बैठकीत मात्र हमखास कुणीतरी विचारतं, “भाऊ, त्या हप्त्याचं काय झालं?” सख्ख्या भावाला जे सांगितलं नसतं ते इथं सांगितलं जातं, आणि देव आहे की नाही यावर या खोलीत कधीच वाद होत नाही. श्रद्धा सिद्ध करून घ्यायला इथं कुणी येत नाही. येताना ती डळमळीत असली तरी चालते.

संकटाच्या काळात माणसाला श्रद्धा सापडते ती कुठं? आपण समजतो ती एकांतात सापडते. डोंगरावर, गुहेत, मध्यरात्रीच्या तळमळीत. मराठी ख्रिस्ती माणसांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर बऱ्याचदा उलटं दिसतं. आधी शेजारी बसायला माणूस सापडतो. श्रद्धा मागाहून येते, आणि येते तीही बहुधा गात गात.

या चटईची वंशावळ शोधत गेलो तर आश्चर्य वाटावं इतकी लांब निघते. ती साताऱ्यात जाते, नगरला जाते, तिथून इंग्लंडला. पण सुरुवात जुन्या पनवेलातच करता येते.

जुन्या पनवेलात बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचं. तेल्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. यहुदी रिवाजाप्रमाणं सामुदायिक प्रार्थना पूर्ण विधीनं व्हायची तर तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष हजर लागतात. नऊ असतील तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. १९४८ नंतर कोकणातली बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं इस्राएलला गेली, आणि रायगडातल्या किती तरी सिनेगॉगांपुढं आता देवाचा नव्हे तर दहाव्या माणसाचा प्रश्न उभा राहतो.

येशू याच परंपरेत वाढला. दहाचा हा दंडक त्याच्या काळी कितपत पक्का होता हे विद्वानांवर सोडू. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात तो शिष्यांना जे आश्वासन देतो त्यात आकडा दहाचा नाही. माझ्या नावानं दोघं-तिघं जमले तरी मी त्यांच्यात असेन, अशा अर्थाचं ते आहे. वरवर पाहता ही सवलत वाटते. ज्यांना दहा माणसं मिळण्याची आशाच नव्हती, त्यांच्या दृष्टीनं पाहिलं की तिची खरी किंमत कळते. आणि महाराष्ट्रात असे लोक होते.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, त्याच्याबरोबर मिशनच्या घरी राहत होता. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं मुलाला बापाच्या हवाली केलं. मग प्रश्न उठला की मिशनऱ्यांच्या पंक्तीत जेवलेल्या या पोराला जातीत परत घ्यायचं का. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं अशी बाजू घेतली आणि सनातन्यांचा राग ओढवून घेतला. एका पोरानं कुणाबरोबर जेवावं यावर सारं शहर पेटलं होतं. पुढं १८५० साली एकविसावा कायदा आला आणि धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असं ठरलं. कायद्यानं जमीन वाचवली. पंगत वाचवणं कायद्याच्या हातात नव्हतं.

त्या काळचा ख्रिस्ती होणारा मराठी पुरुष, ब्राह्मण असो की नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला महार-मांग, एका रात्रीत आपली सगळी बैठक गमावत असे. ब्राह्मणाचं घर जाई. महाराचं बलुतं, गावकीतलं काम आणि त्याबरोबर मिळणारी भाकरी धोक्यात येई. दोघांना एका चटईवर बसायचं होतं, आणि तेच सगळ्यांत अवघड होतं.

नारायण वामन टिळकांची गोष्ट इथून सुरू होते. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतचा व्यासंग, कवितेचा हात, आणि पायाला भिंगरी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. दोघांच्या काव्यावर गप्पा झाल्या, धर्मावर झाल्या. उतरताना त्यानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. मग त्यांनी गुपचूप पत्रव्यवहार सुरू केला, तो मुंबईच्या जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याशी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत जवळजवळ तंतोतंत खरं ठरलं.

या ॲबटसाहेबांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. टिळकांना ख्रिस्ती मंडळीत आणणारा हा माणूस निवृत्त होऊन अमेरिकेत गेला आणि उरलेलं आयुष्य त्यानं एकनाथ, तुकाराम, महीपती यांची इंग्रजी भाषांतरं करण्यात घालवलं. कोण कुणाला कुठं घेऊन गेलं, हे सांगणं अवघडच!

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचं घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांकडं राहिल्या. टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवू लागले. बाहेर १८९६ चा दुष्काळ, मग प्लेग, मग १८९९-१९०० चा त्याहून मोठा दुष्काळ. नगरच्या मिशनमध्ये अनाथ पोरांची रीघ लागली. धर्मांतराच्या चर्चा ज्या शांतपणे आपण आज खुर्चीत बसून करतो तो काळ तसा नव्हताच. देव कोणता यापेक्षा आज पोरं जगतील का हा प्रश्न रोज सकाळी दारात होता.

याच काळात टिळकांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण तिथं आहे. चर्चमध्ये मंडळी विलायती चालींवर भाषांतरित गीतं म्हणत होती. कंठ फुटत होता, हृदय फुटत नव्हतं. कृष्णा रत्नाजी सांगळ्यांसारख्या नगरकर मंडळींनी त्याआधीच देशी चालींवर ख्रिस्ती गाणी आणि कीर्तनं रचायला घेतली होती. टिळकांनी त्यात आपलं सगळं बळ ओतलं. अभंग, ओवी, पदं, कीर्तन. टाळ आले, मृदंग आला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. म्हणजे देव बदलला तरी देवापुढं बसण्याची रीत त्यांनी बदलू दिली नाही. आज पनवेलच्या चटईवर जे गायलं जातं त्यातलं कितीतरी त्यांचंच आहे.

त्यांच्या घरी सगळ्या प्रकारची माणसं राहून गेली. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याकडं राहिले ते काही ख्रिस्ती व्हायला नव्हे. टिळकांना कवी आवडत, अनाथ पोरं आवडत, आणि जो कुणी दारात येईल तोही आवडे.

मग १९१७. टिळकांचं वय पंचावन्न. पहिलं महायुद्ध चाललेलं, मराठी पलटणी मेसोपोटेमियात. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला बिऱ्हाड केलं आणि एक नवी गोष्ट मांडली: ‘देवाचा दरबार’. कल्पना अशी की ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा एक बंधुसंघ असावा, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही असावेत. मिशनच्या मंडळींना हे पचणं कठीण होतं. बाप्तिस्मा म्हणजे उंबरठा, आणि टिळक म्हणत होते की उंबरठ्याच्या अलीकडं-पलीकडं एकच चटई घाला. हिंदू मित्रांनाही ते विचित्रच वाटलं असेल. सगळं सोडून ख्रिस्ती झालेला माणूस आता संन्याशासारखा राहून दरबार भरवतो म्हणजे काय?

पुढच्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. ९ मे १९१९ ला टिळकही मुंबईत वारले. दरबार भरून दोनच वर्षं झाली होती. त्यांच्यामागं तो टिकला नाही. संस्था म्हणून पाहिलं तर हा एक फसलेला प्रयोग. आणि तरीही त्याचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं आहे.

पण त्याआधी गाण्याचं कोडं सोडवू, कारण सगळं तिथं अडतं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत एक प्रसंग आहे. पौल आणि सीला यांना फिलिप्पैच्या तुरुंगात फटके मारून, पाय खोड्यात अडकवून ठेवलं आहे. मध्यरात्र. दोघं गाऊ लागतात आणि बाकीचे कैदी ऐकत राहतात. पुढं भूकंप होतो, दारं उघडतात. पण मला भूकंपापेक्षा हे नवल मोठं वाटतं की पाठ सोललेली असताना दोन पुरुषांना गावंसं वाटलं.

२०१३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण गायकांना एकत्र बसवलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. आधी नुसतं गुणगुणायला सांगितलं, मग एक ख्रिस्ती स्तोत्र म्हणायला, मग एक संथ मंत्र. स्तोत्र आणि मंत्र सुरू झाल्यावर वेगवेगळ्या छातीतली हृदयं एकाच वेळी वेग घेऊ लागली आणि एकाच वेळी मंदावू लागली.

यात जादू नाही, आणि जादू नाही हेच जास्त विलक्षण आहे. श्वास आत घेताना हृदय किंचित जलद चालतं, सोडताना किंचित हळू. व्हेगस नावाची मज्जातंतूची लांब वाट हे काम करते. गाणं म्हणजे शिस्तीनं लांबवलेला उच्छ्वास. चरण संपल्याशिवाय श्वास घेता येत नाही आणि चरण सगळ्यांचा एकच. म्हणून श्वास एकत्र, म्हणून ठोके एकत्र. आता आपल्या भजनाची रीत आठवा. एकजण चरण म्हणतो, बाकीचे ध्रुपद उचलतात, मग पुन्हा तो, पुन्हा सगळे, लय हळूहळू वाढत जाते. दहा-बारा पुरुषांचे श्वास बांधून घ्यायला याहून नेटकी योजना कुणी आखली असती असं वाटत नाही, आणि ती प्रयोगशाळा नसताना शेकडो वर्षं देहू-आळंदीच्या वाटेवर चालू होती. टिळकांनी ती जशीच्या तशी उचलली.

दुसरा प्रयोग ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांचा, २०१५ सालचा. प्रौढांसाठीचे वर्ग चालले होते. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी पाहिलं तर तिन्ही प्रकारच्या वर्गांतली माणसं एकमेकांच्या सारखीच जवळ आली होती. फरक होता तो सुरुवातीच्या आठवड्यांत. गाणारे अनोळखी लोक झपाट्यानं जवळ आले, बाकीच्यांना वेळ लागला. हा निकाल मला फार प्रामाणिक वाटतो. गाणं मैत्री निर्माण करतं असं तो म्हणत नाही. गाणं फक्त दार लवकर उघडतं. पुढचं काम नियमानं येण्यानं होतं. कालच बदली होऊन नवीन पनवेलात आलेल्या आणि कुणालाच न ओळखणाऱ्या माणसाला दार लवकर उघडणं हेच हवं असतं. साक्ष आणि विनंत्या बैठकीच्या शेवटी का येतात तेही इथं उलगडतं. आधी तीन गाणी झालेली असतात.

तर दरबाराचं पुढं. नगरला जॅक विन्स्लो नावाचा ऑक्सफर्डचा पदवीधर इंग्रज पाद्री होता. त्यानं टिळकांचं चरित्र लिहिलं, ते १९२३ साली निघालं. पण चरित्र निघण्याआधीच, १९२२ साली, त्यानं नगरला दरबाराच्याच वाटेवरचा ख्रिस्त सेवा संघ सुरू केला होता. इंग्रज आणि हिंदी पुरुषांनी एका घरात राहायचं, खादी घालायची, शाकाहार करायचा, जमिनीवर बसून जेवायचं, एकत्र प्रार्थना करायची. असहकाराचे दिवस. साहेब आणि नेटिव्ह एका पंक्तीला ही गोष्ट त्या वर्षी किती स्फोटक होती याची आज कल्पना येत नाही. संघ पुढं पुण्याला शिवाजीनगर भागात गेला.

त्या घरातून माणसं कुठं कुठं गेली ते पाहा. ॲल्जी रॉबर्टसन नावाचा एक सभासद १९३० च्या सुमारास इंग्लंडला परतला. तिकडं मंदीचे दिवस होते, कामासाठी गावोगाव पायी फिरणाऱ्या बेकारांची गर्दी होती, आणि ब्रदर डग्लस नावाचे एक गृहस्थ डॉर्सेटमधल्या एका शेतावर अशा वाटसरूंना आसरा देत होते. रॉबर्टसनची पुण्याची रीत आणि डग्लसचं शेत असे दोन प्रवाह १९३० च्या दशकात एकत्र येऊन अँग्लिकन चर्चमधला फ्रान्सिस्कन बंधुसंघ उभा राहिला. तो आजही आहे. म्हणजे इंग्लंडच्या खेड्यात तपकिरी झगा घालून भटक्यांना सूप वाढणाऱ्या बंधूंच्या घराण्यात एक आजोबा नगरचे निघतात.

विन्स्लो स्वतःही इंग्लंडला परत गेला आणि ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या चळवळीत सामील झाला. १९३४ साली त्यानं तिच्या बाजूनं एक पुस्तकही लिहिलं. फ्रँक बुकमन या अमेरिकन पाद्र्यानं उभी केलेली ही चळवळ. रीत साधी: लहान गटात बसायचं, आपले दोष उघड सांगायचे, शांत राहून ऐकायचं. याच गटात त्याच वर्षी अमेरिकेत एका दारुड्यानं आपल्या जुन्या दारुड्या मित्राला ओढलं. तो मित्र, बिल विल्सन, १९३५ साली ॲक्रन गावात डॉ. बॉब स्मिथला भेटला, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा जन्म झाला. विन्स्लोचा त्यात हात होता असं मी म्हणत नाही. नातं चुलत आहे, सख्खं नाही. पण ‘धाकटा भाऊ पुन्हा प्यायला लागला’ ही विनंती ज्या बैठकीत येते आणि त्या भावाला ज्या बैठकीत जायला सांगतात, त्या दोन बैठका एकमेकींच्या इतक्या जवळच्या नात्यातल्या आहेत, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही क्वचितच ठाऊक असतं.

बुकमनच्या चळवळीचं पुढं नाव बदललं, आणि तिचं भारतातलं केंद्र १९६८ साली उघडलं ते पाचगणीला, ‘एशिया प्लॅटो’. राजमोहन गांधींनी त्यात पुढाकार घेतला होता. पाचगणी सातारा जिल्ह्यात. टिळकांच्या साताऱ्याच्या अंगणातच म्हणा ना.

पुण्याच्या त्या घरातली सगळ्यांत विलक्षण जोडी मात्र वेगळीच. व्हेरिअर एल्विन, बिशपचा मुलगा, १९२७ साली संघात आला. तिथं त्याची गाठ पडली शामराव हिवाळ्यांशी, एका मराठी ख्रिस्ती तरुणाशी. एल्विन गांधींच्या ओढीनं राजकारणात खेचला गेला, चर्चच्या वरिष्ठांना नकोसा झाला. १९३२ च्या जानेवारीत दोघं मैकल टेकड्यांत, मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. शाळा काढली, दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. आणि तिथं एल्विनची श्रद्धाच गेली. १९३५ साली त्यानं चर्च रीतसर सोडलं. एल्विन पुढं मानवशास्त्रज्ञ झाला, भारताचा नागरिक झाला, ईशान्येकडं गेला, १९६४ साली वारला. शामराव मंडल्यातच राहिले. १९४६ साली त्यांनी एल्विनवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, प्रेमानं आणि थट्टेनं भरलेलं.

एल्विनची गोष्ट कुठल्याही पुरुष मंडळात साक्ष म्हणून सांगता येणार नाही. मला मात्र ती इथं हवीच आहे. श्रद्धेच्या पोटी सोबत जन्मली आणि श्रद्धा गेल्यावरही सोबत उरली. सहभागिता खरी होती की नव्हती याची याहून कडक परीक्षा कोणती असू शकते?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ही सगळी यंत्रणा एका रात्रीत थांबली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. मधल्या काळात मंडळं फोनवर भरली. प्रार्थना फोनवर होते, साक्षही होते. गाणं होत नाही. आवाज एकाच वेळी पोचत नाहीत, कुणाचा टाळ मागं पडतो, ढोलकी तुटत तुटत येते, आणि शेवटी सगळे म्यूट होऊन एकाचंच ऐकतात. श्वास बांधायची सोयच उरत नाही. अंत्यविधीला मोजकी माणसं नेता येत तेव्हा पाळकासह दोघं-तिघं कबरीशी उभे राहिले, आणि मत्तयातला तो आकडा पुन्हा एकदा अगदी शब्दशः खरा करावा लागला.

साथ गेली, बाकीच्या अडचणी आहेतच. नगर-जालन्याकडच्या दलित ख्रिस्ती घरांतल्या पुरुषांना एक जुनी बोच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही; शीख आणि बौद्धांना तो नंतर मिळाला. गावानं जात विसरली नाही, कागदानं तेवढी विसरली. शिवाय कुणाच्या घरी प्रार्थना जमली की खालच्या मजल्यावरून चौकशी होण्याचे हे दिवस आहेत. अशा वेळी गट आतल्या आत मिटत जातो, अनोळखी चेहऱ्याकडं संशयानं पाहू लागतो. टिळकांनी दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली होती, ती वेळ काही फार सुखाची नव्हती. आजच्या मंडळांनी त्या जागेचं काय करायचं हे त्यांनी ठरवावं. मला विचाराल तर दरबारातली सगळ्यांत धाडसी गोष्ट तीच होती आणि सगळ्यांत आधी हरवली तीही तीच.

आणखी एक गोष्ट या पुरुषांच्या बैठकांच्या इतिहासात नेहमी गाळली जाते. एवढे पाहुणे, एवढे शिष्य, एवढी पोरं, यांना जेवायला कोण घालत होतं? टिळक हातातले पैसे वाटेत कुणालातरी देऊन मोकळे होत आणि घरी चार पाहुणे घेऊन येत. चूल लक्ष्मीबाईंची. शाळेत न गेलेल्या, सोवळ्याच्या धाकात वाढलेल्या या बाईनं पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर नवऱ्याकडं परत येऊन आपली पंगत स्वतः बदलली. १९०० साली बाप्तिस्मा घेतला तोही स्वतः विचार करून. टिळक गेल्यावर पंधरा वर्षांनी, १९३४ पासून, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाचे भाग निघू लागले. त्यात टिळकांचा देवभोळा उदारपणा आहे, त्यांचा संताप आहे, आणि रिकामे डबे आहेत. ती हसत हसत सांगते आणि एकही हिशेब सोडत नाही. दरबारातल्या कुठल्याही पुरुषानं त्या दिवसांचं असं वर्णन लिहून ठेवलेलं माझ्या माहितीत नाही.